रुळांचा पैसा आणि प्रवाशांचा आवाज : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

कल्याणपासून आग्नेयेकडे कर्जतच्या दिशेने जाणारा लोहमार्ग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके घेत बोरघाटाच्या पायथ्याकडे सरकतो. या पट्ट्यातील रेल्वेप्रवाशांचा इतिहास सहसा गर्दीचा, अपघातांचा आणि रेल रोकोचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यातील बहुतेक प्रसंगांच्या मुळाशी गेले असता प्रवासी वाहतुकीच्या रुळांसाठी, डब्यांसाठी आणि फलाटांसाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा आणि तो कोठे खर्चायचा हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न उभा असलेला दिसतो. येथील वस्ती मोठ्या प्रमाणावर सरकारी निर्णयांतून निर्माण झाली. निर्वासितांची छावणी येथे वसवली ती शासनाने, संरक्षण खात्याचा कारखाना आणला तो शासनाने आणि औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी घेतल्या त्याही शासनानेच. मात्र या निर्णयांनी जे प्रवासी जन्माला घातले त्यांच्या ने-आणीची तरतूद त्याच निर्णयांचा भाग म्हणून झाली नाही. ती प्रवाशांना मागून, भांडून आणि वाट पाहून मिळवावी लागली, आणि म्हणून या मागण्यांचा इतिहास हा सार्वजनिक खर्चाचाही इतिहास आहे.

मुंबई इलाख्यात रेल्वेची मागणी प्रथम मांडणाऱ्यांत मुंबईचे नागरिक होते. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांनी १८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वेच्या स्थापनेसाठी मंडळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या जीआयपीच्या, कारभारात नानांचा सहभाग राहिला. हे नागरिक धनिक आणि व्यापारी होते आणि घाटापलीकडचा कापूस मुंबई बंदरात लवकर पोहोचावा हा त्यांच्या मागणीमागील एक मोठा हेतू होता. कंपनीला १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने अस्तित्व मिळाले आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या करारात हमी पद्धत स्वीकारली गेली. या पद्धतीचा अर्थ असा की भांडवल इंग्लंडमध्ये उभे राहावे, जमीन सरकारने विनामूल्य द्यावी आणि उत्पन्न गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून कमी पडल्यास तूट सरकारी महसुलातून भरून द्यावी. भारतातील प्रवासी रेल्वे ही प्रारंभापासूनच सार्वजनिक पैशाच्या आधाराने उभी आहे, ही गोष्ट आजच्या चर्चेत अनेकदा विसरली जाते. त्या काळी हमी भागधारकाला होती, प्रवाशाला नव्हती, एवढाच काय तो फरक. या व्यवस्थेतील अन्याय दादाभाई नौरोजी, गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अर्थचिंतकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिला आणि रेल्वेवर होणारा खर्च व पाटबंधाऱ्यांवर होणारा खर्च यांतील तफावतीकडे लक्ष वेधले.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला आणि १८५६ मध्ये तो खोपोलीपर्यंत गेला. अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे लोहमार्गावर आली ती या विस्तारात. अंबरनाथला १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर होते, उल्हास नदीच्या खोऱ्यात भातशेतीची गावे होती. परंतु मार्ग आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही गावे नसून घाट होता. बोरघाटातील काम १८६३ मध्ये पूर्ण होताच हा मार्ग मुंबईला पुण्याशी आणि दख्खनशी जोडणारी मुख्य वाहिनी बनला, आणि त्याचे ते मूळ स्वरूप, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांची आणि मालाची वाट असण्याचे स्वरूप, पुढे उपनगरी प्रवाशांच्या वाट्याला आलेल्या बहुतेक अडचणींचे कारण ठरले.

प्रवासी हा हक्क असलेला घटक आहे ही कल्पना कायद्यात आली, तरी व्यवहारात रुजली नाही. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याने प्रत्येक डब्यात किती प्रवासी बसवता येतील याची कमाल मर्यादा ठरवून ती डब्यावर दर्शवण्याचे बंधन रेल्वे प्रशासनावर घातले होते. सध्याच्या १९८९ च्या कायद्यातील ५७ वे कलमही तेच सांगते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना या मर्यादेचा लाभ कधी मिळाला नाही, हे महात्मा गांधींनी १९१७ मध्ये लिहिलेल्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावरील लेखात स्वतःच्या प्रवासाच्या आधारे मांडले आणि ज्या वर्गाकडून रेल्वेला भरघोस उत्पन्न मिळते त्याच्यावर सर्वांत कमी खर्च होतो हा हिशेब वाचकांपुढे ठेवला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत पॅसेंजर्स अँड ट्रॅफिक रिलीफ असोसिएशनसारखी संस्था प्रवाशांच्या तक्रारी निवेदनांच्या रूपाने रेल्वे कंपन्यांपुढे आणि सरकारपुढे नेत असे. अर्ज, निवेदन आणि शिष्टमंडळ ही तिची साधने होती आणि तीच पुढे स्वातंत्र्यानंतरच्या प्रवासी संघटनांनी उचलली.

रेल्वेच्या पैशाची चौकट मात्र निराळ्या दालनात ठरत होती. सर विल्यम अॅक्वर्थ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२१ मध्ये दिलेल्या अहवालात कंपन्यांकडील व्यवस्थापन सरकारने हाती घ्यावे, रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सर्वसाधारण जमाखर्चापासून वेगळा करावा आणि रेल्वे वापरणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी सल्लागार मंडळे नेमावीत, अशा शिफारशी केल्या. या समितीवर श्रीनिवास शास्त्री आणि मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखे भारतीय सदस्य होते. सप्टेंबर १९२४ मध्ये विधिमंडळात मान्य झालेल्या ठरावाने, जो पुढे विभक्तीकरण करार म्हणून ओळखला गेला, रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे झाले, रेल्वेने सरकारी तिजोरीला दरवर्षी ठरावीक अंशदान द्यावे असे निश्चित झाले आणि १९२५ मध्ये जीआयपीचे व्यवस्थापन सरकारकडे आले. रेल्वेने व्यापारी संस्थेप्रमाणे स्वतःचा खर्च भागवावा आणि वर सरकारला काही द्यावे, हा विचार या कराराने जवळजवळ शतकभरासाठी पक्का केला. स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची ही परंपरा २०१७ मध्ये संपली आणि अंशदानही बंद झाले. पण प्रवासी वाहतूक म्हणजे तोट्याचा भाग ही मनोवृत्ती करारापेक्षा दीर्घायुषी ठरली.

त्याच १९२५ मध्ये, ३ फेब्रुवारीला, मुंबईत पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत कल्याणमार्गे पुण्यापर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले, ज्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्ली येथील चोळा वीजगृह उभारण्यात आले. अंबरनाथला १९२० च्या दशकात सुरू झालेला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना हा या पट्ट्यातील औद्योगिक वाढीचा पहिला ठळक टप्पा. तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत कल्याणपलीकडचा हा भाग मुंबईचे उपनगर म्हणावा असा नव्हता.

चित्र पालटले ते फाळणीने. युद्धकाळात कल्याणजवळ लष्कराची मोठी संक्रमण छावणी उभारलेली होती आणि युद्ध संपल्यावर तिच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या, लाखाच्या घरातील सिंधी निर्वासितांना या बराकींत आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वसाहतीचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही छावणीची विभागणी आजही पत्त्यांत आणि बोलण्यात टिकून आहे. येथील माणसांपाशी जमीन नव्हती, पिढीजात गिऱ्हाईक नव्हते, आणि व्यापार उभा करायचा तर मुंबईच्या बाजारपेठांशी रोजचा संबंध आवश्यक होता. म्हणून उल्हासनगरच्या पुनर्वसनात रेल्वेचा वाटा बराकींइतकाच मोलाचा होता, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. पुनर्वसनाच्या इतिहासात बराकींची, कर्जांची आणि भूखंडांची नोंद सापडते, पण पहाटेची गाडी पकडून मशीद बंदर आणि भायखळ्याच्या बाजारांत जाणाऱ्या आणि माल घेऊन रात्री परतणाऱ्या माणसांच्या श्रमाची नोंद फारशी होत नाही, ही उणीव गंभीर आहे.

अंबरनाथमध्ये स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा आयुध निर्माणी कारखाना आला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, अंबरनाथ व बदलापूर परिसरात औद्योगिक क्षेत्रे विकसित केली. बदलापूरची वाढ यापेक्षा वेगळ्या कारणाने झाली. मुंबईतील चाळी आणि गिरणगाव सोडावे लागलेल्या, डोंबिवली-कल्याणातील घरांच्या किमतीही न झेपणाऱ्या मराठी मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांना परवडणारे घर मिळण्याचे ते ठिकाण ठरले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. त्याच दहा वर्षांत अंबरनाथ सुमारे दोन लाखांवरून अडीच लाखांवर आणि उल्हासनगर पावणेपाच लाखांवरून पाच लाखांपलीकडे पोहोचले. इमारतींना परवानगी देणारी नगरपालिका स्थानिक, जमीन वापराचे नियम करणारे शासन राज्याचे आणि रेल्वे मात्र राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, म्हणजे केवळ केंद्राच्या अखत्यारीतील विषयांत, अशी ही तिहेरी रचना असल्यामुळे घरे वाढवण्याचा निर्णय घेणाऱ्याला गाड्या वाढवण्याची जबाबदारी कधीच स्वीकारावी लागली नाही.

या अडचणीचे तांत्रिक रूप समजून घेणे आवश्यक आहे. मुंबईपासून कल्याणपर्यंत किमान चार रूळमार्ग आहेत, ज्यांतील दोन धीम्या आणि दोन जलद गाड्यांसाठी वापरले जातात. कल्याणला मार्ग दुभंगतो, एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे जातो, आणि कर्जतच्या फाट्यावर एक जाणारा व एक येणारा, म्हणजे रेल्वेच्या भाषेत एक डाऊन आणि एक अप, असे दोनच मार्ग उपलब्ध आहेत. लोकल, पुण्याहून येणाऱ्या व दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांना याच दोन मार्गांवरून जावे लागते. सकाळी ऐन गर्दीच्या वेळी एखादी एक्स्प्रेस पुढे काढण्यासाठी बदलापूर किंवा अंबरनाथची लोकल थांबवून ठेवली जाते, तेव्हा फलाटावरील प्रवाशाला ती कोणाची तरी मनमानी वाटते. वस्तुतः तो रुळांच्या अपुऱ्या संख्येचा, म्हणजे न झालेल्या भांडवली खर्चाचा, रोजचा परिणाम असतो. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीचे कित्येक प्रवासी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने बदलापूरपर्यंत जातात आणि तीच गाडी पकडून मुंबईकडे निघतात. या उलट्या प्रवासावरून बदलापूरच्या प्रवाशांशी होणारे खटके हेही त्याच तुटवड्याचे अपत्य आहे, आणि त्याचा दोष दोन्ही गावांतील माणसांना देणे अन्यायाचे आहे.

प्रवाशांचे म्हणणे ऐकण्याची अधिकृत सोय झाली होती. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी अस्तित्वात आली आणि १९५३ पासून रेल्वे उपभोक्ता सल्लागार समित्यांची रचना लागू झाली, ज्यात राष्ट्रीय, विभागीय आणि त्याखालील पातळ्यांवर प्रवासी, व्यापारी व लोकप्रतिनिधी यांना स्थान मिळाले. अॅक्वर्थ समितीच्या सल्लागार मंडळांचाच हा पुढचा अवतार होता आणि मुळातील मर्यादाही त्यात उतरली. या समित्या वेळापत्रक, थांबे, पाणी, शौचालये, पादचारी पूल आणि तिकीट खिडक्या यांवर बोलू शकतात, परंतु कोणत्या मार्गासाठी किती निधी द्यायचा हे त्यांच्यापुढे ठरत नाही. कल्याण-कसारा-कर्जत पट्ट्यातील प्रवासी संघटनांनी, तसेच अनेक संघटनांना एकत्र आणणाऱ्या उपनगरी रेल्वे प्रवासी महासंघाने, या समित्यांच्या आत आणि बाहेर वर्षानुवर्षे जे काम केले ते चिकाटीचे आणि बहुतांशी विनामोबदला आहे. दिवसभराची नोकरी आणि चार तासांचा प्रवास सांभाळून वेळापत्रकांचा अभ्यास करणारे, निवेदने लिहिणारे आणि अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी रजा खर्चणारे हे कार्यकर्ते नसते, तर या पट्ट्याला मिळालेल्या कित्येक फेऱ्या, महिलांसाठीचे डबे आणि पूल आणखी लांबणीवर पडले असते.

जेथे निवेदनाची दखल घेतली जात नाही तेथे माणसे रुळांवर उतरतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १७४ व्या कलमात रेल रोको हा शब्द कायद्याचा शब्द म्हणून आलेला आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यानच्या दिवा येथे २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या रखडल्यामुळे उसळलेला असंतोष आणि ऑगस्ट २०१६ मध्ये बदलापूर स्थानकात सकाळी काही तास चाललेला रेल रोको या दोन्ही घटनांत प्रवाशांचा रोख गाड्या वेळेवर नसण्यावर होता. दिव्याला पुढे जलद गाड्यांचा थांबा मिळाला. आंदोलनाने थांबा मिळतो, कधी एखादी फेरीही मिळते, पण नवा रूळमार्ग मिळत नाही, कारण थांबा विभागीय पातळीवर देता येतो आणि रूळमार्गासाठी दिल्लीची मंजुरी, राज्याचा वाटा, भूसंपादन आणि अनेक वर्षांचा निधी लागतो. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या निषेधार्थ नागरिकांनी सुमारे दहा तास लोहमार्ग रोखून धरला. त्या आंदोलनाचा विषय रेल्वे नव्हता, तरी आपला आक्रोश राज्याला ऐकू जावा म्हणून शहराला स्थानकाकडेच धाव घ्यावी लागली, यावरून या गावांच्या सार्वजनिक जीवनात स्थानकाचे स्थान काय आहे ते कळते.

निधीच्या रचनेत खरा बदल घडला तो नवी मुंबईत. सिडको या नगरनिर्मिती करणाऱ्या शासकीय महामंडळाने मानखुर्द-वाशी-पनवेल मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग उचलला, रेल्वेने एक-तृतीयांश दिला, आणि १९९२ मध्ये खाडीवरील पुलावरून वाशीला लोकल गेली. तेथील तिकिटांवर अधिभार आकारून आणि स्थानकांच्या परिसरातील जागांचा व्यापारी उपयोग करून हा खर्च अंशतः भरून काढण्याची योजना होती. घरे बांधणाऱ्या यंत्रणेनेच रुळांचा भार उचलावा, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात आले. कोकण रेल्वेच्या बाबतीतही, बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी दीर्घकाळ लावून धरलेली मागणी १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाच्या रूपाने फळास आली तेव्हा महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या राज्यांनी भांडवलात वाटा दिला आणि उरलेला पैसा रोख्यांतून उभारला गेला. कल्याणपलीकडच्या पट्ट्याला मात्र सिडकोसारखा पालक नव्हता. येथे घरे बांधली ती असंख्य लहानमोठ्या बांधकाम व्यावसायिकांनी आणि त्या बांधकामांतून मिळालेल्या शुल्काचा वा नफ्याचा कोणताही ठरावीक हिस्सा लोहमार्गाकडे वळवण्याची व्यवस्था झाली नाही.

मुंबई रेल्वे विकास महामंडळ जुलै १९९९ मध्ये स्थापन झाले. त्यात रेल्वे मंत्रालयाचे ५१ आणि महाराष्ट्र शासनाचे ४९ टक्के भागभांडवल आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, ज्याचे टप्पे एमयूटीपी या नावाने ओळखले जातात, या महामंडळामार्फत राबवला जातो, त्याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मानिम्मा उचलतात आणि पहिल्या टप्प्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेण्यात आले, ज्याच्या परतफेडीसाठी उपनगरी तिकिटांवर अधिभार बसवला गेला. या टप्प्यांचा क्रम पाहिला असता पैसा शहराकडून बाहेरच्या दिशेने किती सावकाश सरकला हे दिसते: पहिल्या टप्प्यात कुर्ला ते ठाणे पाचवा-सहावा मार्ग, दुसऱ्यात ठाणे ते दिवा, आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचा समावेश झाला तो थेट एमयूटीपी-३अ मध्ये, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये सुमारे ३३,६९० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ठाणे-दिवा हा काही किलोमीटरांचा मार्गही मंजुरीनंतर दशकाहून अधिक काळ रेंगाळून फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाला. येथे मंजुरी आणि तरतूद यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. मंजुरीने काम कागदावर येते. तरतूद म्हणजे त्या वर्षी त्या कामासाठी प्रत्यक्ष दिलेला पैसा, जो रेल्वेच्या पिंक बुक नावाच्या वार्षिक पुस्तकात कामनिहाय छापला जातो. मंजूर कामाला अपुरी तरतूद मिळत राहिली की ते वर्षानुवर्षे चालू कामांच्या यादीत राहते, आणि प्रवासी संघटनांना उद्घाटनाच्या तारखांपेक्षा या पुस्तकातील आकड्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

प्रवासी भाडे देतो त्याहून त्याच्या प्रवासाला खर्च अधिक येतो, हा युक्तिवाद रेल्वेने उघडपणे मांडला तो २०१६ मध्ये, जेव्हा तिकिटांवर रेल्वे सरासरीने प्रवासखर्चाच्या ५७ टक्केच वसूल करते असे छापण्यास सुरुवात झाली. त्याआधी जून २०१४ मध्ये भाडेवाढ जाहीर करताना मासिक पासाची किंमत सुमारे पंधराऐवजी तीस फेऱ्यांच्या भाड्यावर आधारण्याचा निर्णय झाला होता, ज्यामुळे उपनगरी पास जवळजवळ दुप्पट महागला असता. मुंबई परिसरातून उठलेल्या विरोधामुळे चारच दिवसांत तो मागे घेण्यात आला आणि ८० किलोमीटरपर्यंतच्या द्वितीय वर्गाच्या उपनगरी प्रवासाला भाडेवाढीतून वगळण्यात आले. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरवरील बदलापूर या मर्यादेच्या आत राहिले, शंभर किलोमीटरवरील कर्जत बाहेर गेले. स्वस्त पास ही मेहेरबानी आहे अशी भाषा या वादात वारंवार वापरली गेली, पण ती टिकणारी नाही. बदलापूरच्या कारकुनाला किंवा अंबरनाथच्या कामगाराला मुंबईत घर परवडत नाही म्हणून तो रोजचे तीन-चार तास गाडीत घालवतो आणि त्या स्वस्त पासाचा लाभ त्याला कमी वेतनात कामावर ठेवू शकणाऱ्या शहरालाही होतो. हा लाभ हिशेबात धरण्याची पद्धत अन्यत्र रूढ आहे: पॅरिस परिसरात १९७१ पासून नोकरी देणाऱ्या आस्थापनांकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो आणि तो सार्वजनिक वाहतुकीवर खर्च होतो. अमेरिकेत १९६७ मध्ये रेल्वेप्रवाशांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा तिने एखाद्या गाडीऐवजी थेट संघराज्याच्या निधीची मागणी केली, आणि १९७१ मध्ये सरकारी पाठबळावरील अॅमट्रॅक सुरू झाली.

ऑगस्ट २०२२ मधील वातानुकूलित लोकलचा वाद या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाडीच्या दहा फेऱ्या वाढवल्या तेव्हा कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी तीव्र विरोध केला आणि आठवडाभरातच त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. प्रवाशांचा विरोध थंड हवेला नव्हता. दोन मार्गांवर नव्या गाडीसाठी जागा नसल्यामुळे महाग गाडी आली की स्वस्त गाडी जाते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळले होते.

या तुटवड्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते, हे लिहिणे भाग आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये आलेल्या जनहित याचिकेत २०२३ या एका वर्षात उपनगरी मार्गांवर २,५९० मृत्यू झाल्याचे मांडले गेले आणि प्रवाशांना ज्या अवस्थेत प्रवास करावा लागतो त्याबद्दल न्यायालयाने कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर कर्जतकडील आणि कसाऱ्याकडील दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात किमान चारजण दगावले. त्यानंतर बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली. पण दारात माणूस उभा राहतो तो आत पाय ठेवायला जागा नसल्यामुळे, आणि ती जागा वाढते ती अधिक गाड्यांनी, ज्यांना अधिक रूळ लागतात.

कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग सुमारे १४ किलोमीटरांचा असून त्याचा मंजूर खर्च साधारण दीड हजार कोटी रुपये आहे. मुंबई शहरातील साडेतेहेतीस किलोमीटरांच्या भुयारी मेट्रो-३ चा खर्च ३७ हजार कोटींवर गेला. मेट्रोची गरज नाकारण्याचे कारण नाही, भुयारी काम महाग असते हेही खरे. तरीही या दोन आकड्यांच्या शेजारी बदलापूरच्या सकाळच्या गाडीतील गर्दी ठेवली की सार्वजनिक पैशाच्या प्राधान्यक्रमाबद्दलची येथील नागरिकांची तक्रार किती साधार आहे ते उमगते. नव्या मार्गाबरोबर अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली हे स्थानक होणार आहे, ज्याच्या अवतीभवती वसाहती स्थानकाच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्या. बदलापूर-कर्जत या पुढील सुमारे ३२ किलोमीटरांच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. हे दोन्ही मार्ग झाल्यावर लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्या लोकलपासून वेगळ्या काढता येतील, मात्र त्याचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी कल्याण यार्डाची फेररचना, नव्या गाड्यांची खरेदी आणि त्या रात्री उभ्या करण्यासाठी लागणाऱ्या जागा यांसाठीही दरवर्षी पुरेशी तरतूद व्हावी लागेल. उपनगरी रेल्वेसाठी स्वतंत्र प्रशासन असावे ही प्रवासी संघटनांची जुनी मागणी अजून मान्य झालेली नाही, आणि मुंबई रेल्वे विकास महामंडळाचे भागधारक आजही रेल्वे मंत्रालय आणि राज्य शासन हे दोघेच आहेत.